नाशिक-अकलूजच्या रेड वाइन लेबल झाकून चाखायच्यात, परीक्षण नेमकं कसं करायचं?

चाफा_मुलुंड

नमस्कार मंडळी, आमचा कॉलेजपासूनचा सहा जणांचा ग्रुप आहे, मुलुंड, ठाणे, डोंबिवली असे विखुरलोय पण महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतोच. हल्ली बियर मागे पडून वाइन आलीय आणि त्यातही सगळ्यांना रेडच हवी असते. होतं काय की बाटली उघडली, एक घोट घेतला की कोणी म्हणतं मस्त, कोणी म्हणतं कडू, कोणी म्हणतं घशाला लागते, आणि विषय तिथेच संपतो. वर बाटली कितीला मिळाली हे कळलं की मतं लगेच बदलतात. मला हे फार खटकतं, कारण आपल्याच राज्यात, मुंबईपासून काही तासांवर लोक एवढ्या मेहनतीने ही वाइन करतायत आणि आपल्याला तिच्याबद्दल धड चार वाक्यं बोलता येत नाहीत.

तर आता ठरवलंय की पुढच्या वेळी फक्त आपल्याकडच्या रेड घ्यायच्या, बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि लेबल न बघता चाखायच्या. डोक्यात ही नावं आहेत: सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ, यॉर्कची ॲरोस, व्हॅलोनेची मालबेक मिळाली तर ती, रेव्हेलोची सँजोव्हेसे, अकलूजच्या फ्रातेल्लीची सेट्टे, आणि तुलनेला म्हणून कर्नाटकातली एक, ग्रोव्हरची ला रिझर्व्ह (शिराझ, मालबेक, सँजोव्हेसे ही द्राक्षाच्या वाणांची नावं). सगळ्या मिळतीलच असं नाही, जे मिळेल ते.

मला विचारायचंय की चांगली आणि आवडलेली यात फरक कसा करायचा? मार्क द्यायचे तर कशाला द्यायचे? रेड रूम टेम्परेचरला प्यायची म्हणतात पण मुलुंडच्या रूमचं टेम्परेचर ऑक्टोबरात काय असतं ते सगळ्यांना माहितीय, मग काय करायचं? आणि एक जण आमच्यात ठामपणे म्हणतो की भारतीय रेडला जळक्या रबराचा वास येतोच, तो जातच नाही. मला हे पटत नाही पण उत्तरही देता येत नाही. जाणकारांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

पाचवा_मजला

चाफा, चांगला विषय काढलात. मी हॉटेल लाइनमध्ये आहे, वाइनचं शिक्षण रीतसर घेतलंय, त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आधी टेम्परेचर, कारण मुंबईत निम्मा खेळ तिथेच बिघडतो. रूम टेम्परेचर हे युरोपातल्या थंड दगडी घरांचं, म्हणजे १६ ते १८ डिग्री. आपल्याकडे बाटली टेबलावर ठेवली तर ती ३० ला जाते आणि ३० डिग्रीला कुठलीही रेड, फ्रान्सची असो की दिंडोरीची, पहिल्यांदा अल्कोहोलच नाकात मारते, फळ दबतं आणि सगळं बसकं, जड लागतं. चाखायच्या आधी अर्धा-पाऊण तास बाटली फ्रीजमध्ये ठेवा, दारात नको, आत आडवी. १५-१६ ला ओतलीत तरी चालेल कारण ग्लासात ती दहा-पंधरा मिनिटांत वर चढतेच. एवढं एक केलंत तरी घशाला लागते ही तक्रार बरीच कमी होईल, बघाच.

दुसरं, बाटली धडधाकट आहे का ते आधी तपासा, मग वाइनवर बोला. आपल्याकडे खूप दुकानांत रेड वरच्या फळीवर, ट्यूबलाइटच्या खाली, उभी ठेवलेली असते आणि रात्री शटर पडलं की एसी बंद. एप्रिल-मे अशा जागी काढलेली बाटली शिजलेली असते. ओळखायचं कसं, तर बूच तोंडाच्या पातळीपेक्षा वर आलेलं दिसतं, फॉइल काढल्यावर खाली चिकट ओघळ दिसतो, बूच काढलं की त्याच्या बाजूने वरपर्यंत वाइनचा डाग गेलेला असतो. वासाला ताजं फळ नसतं, मुरंब्याचा, मनुकांचा, आटवल्यासारखा वास येतो. स्क्रूकॅप असली तरी उष्णता तिला सोडत नाही, फक्त खुणा दिसत नाहीत. म्हणून दुकानदाराला सांगा, समोरची नको, आतल्या खोक्यातली द्या, आणि लेबलवरचं विंटेजचं, म्हणजे द्राक्ष तोडणीचं, वर्ष बघून घ्या. आपल्या साध्या रेड दोन-तीन वर्षांत पिऊन टाकायच्या असतात, रिझर्व्ह जरा जास्त टिकतात.

बुचाच्या बाटलीत अजून एक दोष निघतो, टीसीए नावाच्या रसायनाने येणारा. पावसाळ्यात कपाटात राहून ओलसर झालेल्या पुठ्ठ्याचा वास. थोडा असला तर पुठ्ठा जाणवत नाही, नुसतं फळ गायब होतं आणि आपण म्हणतो वाइन बेचव आहे. पहिल्या वासालाच लक्ष द्या कारण नाक त्याला लगेच सरावतं आणि मग काही कळत नाही.

आता चाखणं. ग्लासात ५० मिलीच घ्या, म्हणजे ७५० ची एक बाटली तुम्हा सहा जणांना पुरून उरेल, आणि वास साठायला ग्लासात जागा राहील. ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा आणि कडेचा रंग बघा, कड जांभळट असेल तर वाइन तरुण आहे, विटकरीकडे झुकली असेल तर वय झालंय किंवा उन्हाने म्हातारी केलीय. मग ग्लास न हलवता वास घ्या, मग फिरवून घ्या, दोन्ही वेळा काय आलं ते लगेच लिहा, शेजारच्याला सांगू नका. वासाला ब्लॅककरंट-बिकरंट लिहायची गरज नाही, आपल्यातल्या कितीजणांनी ते ताजं खाल्लंय? जांभूळ, करवंद, पिकलेलं अळूचं फळ, सुकं आमसूल, काळी मिरी, लवंग, ओली माती, जुनं लाकडी कपाट, असं जे आठवेल ते लिहा. शिराझमध्ये मिरी सापडली तर ती कल्पना नाही, रोटुंडोन नावाचा तोच पदार्थ काळ्या मिरीतही असतो आणि शिराझच्या सालीतही.

तोंडात घेतल्यावर एका वेळी एकच गोष्ट शोधा, सगळं एकदम कळत नाही. आंबटपणा म्हणजे गिळल्यावर जबड्याच्या मागून लाळ सुटते का. टॅनिन म्हणजे हिरड्या आणि ओठांची आतली बाजू कोरडी पडते का, जीभ टाळूला घासते का. अल्कोहोल म्हणजे घशात आणि छातीत ऊब. तुमच्या ग्रुपमध्ये जे कडू म्हणतात ते बहुतेक वेळा कडू नसून तुरट असतं, हे आधी सुटं करून घ्या. त्यासाठी वाइनच्या आधी एक छोटा प्रयोग करा. बिनदुधा-साखरेचा चहा दोन कपात करा, एक दोन मिनिटांत गाळा, दुसरा आठ मिनिटं मुरू द्या, थंड करून पाळीपाळीने प्या. आठ मिनिटांच्या कपात तोंडाला जे होतं ते टॅनिन. मग कोकमाचं पाणी बिनसाखरेचं एक घोट, ते आम्ल. एकदा तोंडाला ही ओळख पटली की पुढे वाइनमध्ये ते दोन्ही वेगवेगळे सापडायला लागतात.

चांगली की आवडलेली, यासाठी आमच्या शिक्षणात चार गोष्टी बघायला लावतात. समतोल, म्हणजे आम्ल, टॅनिन, अल्कोहोल, फळ यातलं कुणी एकटंच बोंब मारत नाहीये ना. लांबी, म्हणजे गिळल्यावर किंवा थुंकल्यावर चव किती सेकंद टिकते, आणि टिकते ती चांगली चव की नुसता तुरटपणा. तीव्रता, म्हणजे वास-चव ठळक आहे की पाणचट. आणि गुंतागुंत, म्हणजे फक्त जांभूळच आहे की त्याच्या मागून मिरी, लाकूड, माती असं काही येतं. यातलं जे कमी असेल ते नाव घेऊन सांगता आलं की झालं, मग तुम्हाला ती आवडो न आवडो.

जळक्या रबराचं स्वतंत्र लिहितो, जेवण करून येतो.

निफाडकर

राम राम. बाग आमची निफाड तालुक्यात, मी कामाला ऐरोलीला, पण जानेवारी ते मार्च जीव तिकडेच. खायचं थॉमसन द्राक्ष आहे आणि दोन एकर वाइनचं शिराझ, वायनरीशी करारावर. चाखण्याचं वरच्या दादांनी सांगितलंच, मी बाग काय करते ते सांगतो कारण ग्लासात जे लागतं त्याचं मूळ तिथंच असतं.

आपल्याकडे वेल झोपत नाही. युरोपात थंडीत पानं गळून वेल विश्रांती घेतो, आपल्याकडे तसं नाही म्हणून दोनदा छाटणी, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता ऑक्टोबर छाटणी, आणि माल घ्यायचा तो फेब्रुवारी-मार्चात, युरोपात तो सप्टेंबरात निघतो. आता डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती घसरला हे तुम्ही दरवर्षी बातम्यांत बघता, त्या थंडीत मण्याला आम्ल टिकतं, रंग चांगला धरतो. पण मण्यात पाणी उतरल्यावर, म्हणजे मणी पिकायला लागल्यावर, फेब्रुवारीच्या शेवटाला ऊन एकदम चढतं, आणि तिथं खरी शर्यत लागते. साखर भराभर वाढते, आम्ल भराभर उतरतं, आणि साल-बी मात्र आपल्या चालीने पिकतात. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, २४ दाखवतं, म्हणजे वाइनमध्ये साडेतेराच्या आसपास अल्कोहोल आलं, पण बी चावून बघावी तर अजून हिरवी आणि कडूजहर. बी तपकिरी होऊन दाताखाली कडकन फुटली, खरपूस लागली की माल तयार. तोवर थांबावं तर साखर हाताबाहेर आणि वर अवकाळीची भीती, एक गारपीट झाली की वर्ष गेलं.

म्हणून ग्लासात दोन गोष्टी एकदम आल्या, एकीकडे शिजल्यासारखं गोडसर फळ आणि दुसरीकडे हिरवा, ढोबळी मिरचीचा वास आणि बोचरं टॅनिन, तर समजा की त्या वर्षी बागेत ही शर्यत हरली गेली. आणि ज्या वाइनमध्ये फळ पिकलेलं, टॅनिन मऊ आणि तरी तोंडाला पाणी सुटतंय, तिथं कुणीतरी बागेत फार नीट लक्ष दिलंय, माल पहाटे थंडीत तोडून उन्हं चढायच्या आत वायनरीत पोचवलाय. त्याला मार्क द्या.

दुसरं आम्लाचं. उष्ण भागात टार्टारिक आम्ल वरून घालतात, जगात सगळीकडे घालतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ते आधी आणि बेताने घातलं तर मिसळून जातं, नाहीतर शेवटी वेगळं उभं राहतं, फळ संपल्यावर नुसतं आंबट मागे उरतं. हे तुम्हाला चाखताना सापडेल, शोधा.

अजून एक, लोकांना वाटतं खायचं द्राक्ष उरलं की वाइन करतात. अजिबात नाही. थॉमसनला आम्ही जीएची (जिबरेलिक ॲसिड) डिपिंग देऊन मणी फुगवतो, वाइनच्या द्राक्षाला मणी बारीकच पाहिजे, साल जाड पाहिजे, बी पाहिजे, कारण शिराझचा रस पिळला तर जवळपास पांढराच निघतो, रंग सगळा सालीत आणि टॅनिन साल-बीत. मणी मोठा झाला की रस जास्त, साल कमी, वाइन फिकी. म्हणून एकरी माल मुद्दाम कमी ठेवावा लागतो आणि शेतकऱ्याला ते परवडावं म्हणून दर तसा मिळावा लागतो. फिकी, पाणचट रेड लागली की वायनरीच्या आधी हे गणित मनात आणा, एवढंच म्हणणं.

गिरगाव_कट्टा

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण माझं मत थोडं वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. वाइन जेवणासोबत प्यायची गोष्ट आहे. रिकाम्या तोंडाने सहा ग्लास रांगेत लावून चाखलं की जी सगळ्यात दाट, सगळ्यात ओक (पिंपाचं लाकूड) मारलेली, सगळ्यात गोडसर असते तीच जिंकते, आणि तीच वाइन जेवताना दुसऱ्या ग्लासाला नकोशी होते. मी हे आमच्या घरी पुन्हापुन्हा बघितलंय. जी वाइन नुसती चाखताना बारीक, आंबटसर, साधी वाटली तीच मटणाच्या सुक्क्याबरोबर सगळ्यात आधी संपते.

त्यामुळे चाफाताई, परीक्षण दोन फेऱ्यांत करा. पहिली नुसती, दुसरी जेवताना, कागद तसेच गुंडाळलेले ठेवून, आणि दोन्हीचे शेरे वेगळे लिहा. जेवायला काय ठेवता त्यावर खूप अवलंबून आहे. मासे नका ठेवू, निदान त्या दिवशी तरी नको. रेडमधलं लोह आणि माशातली चरबी एकत्र आली की तोंडात गंजका, मासळी कुजल्यासारखा वास उठतो, जपानी संशोधकांनी २००९ साली हे लोहामुळे होतं असं दाखवलं होतं. बांगडा आणि शिराझ एकत्र घेऊन बघा, एका घोटात समजेल, आणि दोष ना बांगड्याचा ना वाइनचा. तिखट पण आवरतं घ्या, कारण अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं आणि टॅनिन त्यावर आणखी खरखरतं. मीठ, चरबी आणि प्रथिनं मात्र टॅनिनला मऊ करतात, म्हणून भाजलेल्या खोबऱ्यातलं मटण, खिमा-पाव, शाकाहारी असाल तर शेंगदाण्याचा कूट घातलेली भरली वांगी. सँजोव्हेसेला आम्ल जास्त असतं, ती वांग्याबरोबर फार छान जाते असा माझा अनुभव आहे.

पाचवा_मजला

गिरगाव_कट्टा, दोन फेऱ्यांची कल्पना पूर्ण मान्य. फक्त क्रम पाळा, नुसती फेरी आधी, नाहीतर तोंडात मसाला बसला की पुढचं काही कळत नाही.

आता रबर. चाफा, तुमच्या मित्राला जो वास येतो तो खोटा नाही, मलाही काही बाटल्यांत आलाय. पण तो भारतीय मातीचा वास आहे असं म्हणणं मला मान्य नाही, तसाच वास दक्षिण आफ्रिकेच्या रेडलाही वर्षानुवर्षं चिकटवला गेला होता. बऱ्याचदा तो गंधकाच्या संयुगांचा असतो. आंबवताना यीस्टला नायट्रोजन कमी पडला किंवा नंतर वाइनला हवा अगदीच मिळाली नाही की हायड्रोजन सल्फाइड, मरकॅप्टन अशी संयुगं तयार होतात आणि त्यातून सडकं अंडं, जळलेली काडी, रबर असले वास येतात. याची तपासणी घरी करता येते. त्याच वाइनचे दोन ग्लास घ्या. एकात घासून लख्ख केलेला तांब्याचा चमचा किंवा छोटा तुकडा चार-पाच सेकंद फिरवा आणि काढा, मग दोन्हीचे वास शेजारी-शेजारी घ्या. तांबं या संयुगांना धरून ठेवतं, त्यामुळे चमचावाल्या ग्लासातला रबर गेला आणि खालून फळ वर आलं तर निदान झालं. तो ग्लास फक्त वासासाठी, पिऊ नका, ओतून द्या. उरलेली बाटली मग जगमध्ये उंचावरून ओता, अर्धा तास उघडी राहू द्या, सौम्य असेल तर नुसत्या हवेनेही जातो. सुटला नाही तर कारण दुसरं काहीतरी, फार जळलेल्या पिंपाचा धूर असेल किंवा ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट, त्याचा वास औषधी बँडेजसारखा, घोड्याच्या तबेल्यासारखा असतो आणि तो हवेने जात नाही.

म्हणजे मित्राला सांगा, जातच नाही म्हणण्याआधी चमचा फिरवून बघ.

अनुस्वार

मार्कांबद्दल कोणी फारसं बोललं नाही म्हणून लिहिते. मी आकडेवारीत काम करते आणि वाइन मनापासून आवडते, दोन्ही कारणांनी हा भाग मला महत्त्वाचा वाटतो.

१०० पैकी मार्क देऊ नका. अमेरिकन वाइन समीक्षक रॉबर्ट पार्करने रूढ केलेली ती पद्धत मुळात ५० पासून सुरू होते आणि प्रत्यक्षात सगळं ८५ ते ९५ च्या मधेच अडकतं, घरगुती चाखणीत ८८ आणि ८९ मधला फरक कोणालाच सांगता येत नाही. कॅलिफोर्निया स्टेट फेअरच्या स्पर्धेत रॉबर्ट हॉजसन यांनी अनुभवी परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली, २००८ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला, तर साधारण दहा टक्केच परीक्षक तिला तिन्ही वेळा एकाच पदकाच्या पातळीत ठेवू शकले. ही मंडळी रोजची चाखणारी. यावरून चाखणंच व्यर्थ असं काही लोक म्हणतात, मला तसं अजिबात वाटत नाही, मला त्यातून असं दिसतं की एका माणसाच्या एका वेळच्या आकड्यावर भिस्त ठेवायची नाही आणि आपली चाखणी नीट मांडायची.

म्हणून माझ्या सूचना. तुमच्या रांगेत एक वाइन दोनदा ठेवा, वेगळ्या नंबराने. ज्याला दोन्ही वेळा साधारण सारखेच शेरे सुचले त्याच्या त्या दिवशीच्या मताला वजन द्या, ज्याचे उलटसुलट आले त्याने त्या दिवशी निवांत प्यावी, पुढच्या वेळी परत बघू. दुसरं, दोन वाइन खरंच वेगळ्या लागतात का हे बघायचं असेल तर तीन ग्लास द्या, दोन एकाच वाइनचे, तिसरा वेगळा, आणि वेगळा ओळखायला सांगा. नुसत्या अंदाजाने तीनात एक वेळ बरोबर येणारच, त्यामुळे सहा जणांपैकी दोघांनी ओळखलं तर काही सिद्ध होत नाही, पाच-सहा जणांनी ओळखलं तर फरक खरा आहे. ज्याने बाटल्या गुंडाळल्या त्याने ओतायचं नाही, ओतणारा वेगळा, नाहीतर चेहऱ्यावरून कळतं. बाटल्यांचा आकारही बोलतो, शक्य असेल तर सगळ्या वाइन एकसारख्या जगमध्ये ओतून मगच खोलीत आणा. आणि प्रत्येकाने लिहून होईपर्यंत कोणी तोंडातून आवाजही काढायचा नाही, एकजण ठासून "चेरी" म्हणाला की बाकीच्या पाचांना चेरीच सापडते.

मार्क हवेच असतील तर पाचवा_मजला यांच्या चार गोष्टींना प्रत्येकी पाच, एकूण वीस. आणि कागदाच्या खाली वेगळी एक ओळ, ही बाटली मी माझ्या पैशाने परत घेईन का. ती ओळ वीसात धरायची नाही. तुमचा चांगली आणि आवडलेली हा प्रश्न तिथे आपोआप सुटेल, कारण बऱ्याच कागदांवर १६ मार्क आणि खाली नाही असं दिसेल, आणि १२ मार्क आणि खाली हो असंही.

चाफा_मुलुंड

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांना मनापासून धन्यवाद. चहाचा प्रयोग काल रात्रीच केला, आठ मिनिटांच्या कपाने हिरड्या अक्षरशः आखडल्या आणि लगेच लक्षात आलं की आम्ही इतके दिवस ज्याला कडू म्हणत होतो ते हेच. निफाडकर दादा, बी चावून बघतात हे पहिल्यांदा ऐकलं, आता रेड पिताना ते डोक्यात राहील.

अजून थोडं विचारते. ग्लास आमच्याकडे एकसारखे नाहीत, चालतील का? कुठली आधी, कुठली नंतर? एक मैत्रीण म्हणतेय थुंकायचं तिला जमणार नाही, कसंतरी वाटतं. आणि शनिवारी संध्याकाळी करावं की रविवारी सकाळी? हे शेवटचं ऐकायला विचित्र वाटेल पण संध्याकाळी आमच्या मजल्यावर चार घरांच्या फोडण्या एकदम पडतात.

पाचवा_मजला

विचित्र काही नाही, उलट हा फार चांगला प्रश्न आहे. रविवारी सकाळी अकराच्या सुमारास करा, भूक थोडी लागलेली असते तेव्हा नाक सगळ्यात तेज असतं, जेवण एक-दीडला येईल म्हणजे दुसरी फेरीही बसते. त्या सकाळी घरात उदबत्ती नको, परफ्यूम-अत्तर नको, मोगऱ्याचा गजरा सुद्धा नको. खिडकी उघडी आणि एसी बंद असा मोह झाला तरी एसी चालूच ठेवा, वाइन तापते.

ग्लास एकसारखे हवेतच. महागडे नकोत, पण आकार बदलला की वास बदलतो आणि मग तुम्ही वाइनची नाही, ग्लासची तुलना करता. चाखणीसाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा एक ठरलेला छोटा ग्लास असतो, २१५ मिलीचा, तोंडाकडे निमुळता, तो मिळाला तर उत्तम, नाहीतर कुठलाही साधा, निमुळत्या तोंडाचा, सगळे एकाच प्रकारचे. धुताना साबण राहू देऊ नका आणि फडक्याचा वास लागतो, उलटे ठेवून आपोआप वाळू द्या.

क्रम हलकीकडून जडकडे. तुमच्या यादीत सँजोव्हेसे आधी, मग सेट्टे, त्यात सँजोव्हेसे आणि कॅबर्ने ही दोन्ही वाणं आहेत त्यामुळे पहिलीनंतर लगेच घेतली की कॅबर्नेने काय भर घातली ते छान कळतं. मग मालबेक, आणि शेवटी शिराझ आणि शिराझ-कॅबर्नेच्या मिश्रणाच्या. ॲरोस आणि ला रिझर्व्ह शेजारी ठेवा, दोन्ही शिराझ-कॅबर्नेच, पण एक गंगापूर धरणाजवळची आणि दुसरी बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची, तिथे उंची जास्त, रात्री गार, पिकणं सावकाश, तो फरक लागतो का बघा. अर्थात कुठल्या नंबराला कुठली वाइन हे बाटल्या गुंडाळणाऱ्यालाच माहीत असावं.

थुंकण्याबद्दल मैत्रिणीला समजावून सांगा. सहा वाइन, वर अनुस्वार यांची दुप्पट ठेवलेली सातवी, ५० मिलीप्रमाणे ३५० मिली, म्हणजे जवळपास अर्धी बाटली सकाळी अकरा वाजता रिकाम्या पोटी. चौथ्या ग्लासानंतरचं मत वाइनचं राहत नाही, अल्कोहोलचं होतं. प्रत्येकाला स्वतःचा अपारदर्शक स्टीलचा पेला द्या, दुसऱ्याच्या समोर एकाच भांड्यात थुंकायचं नसलं की बहुतेकांचा संकोच जातो. तरी नकोच म्हणाली तर १५-२० मिलीचे घोट घेऊ दे. मधल्या वेळात साधं पाणी आणि कोरडा पाव, चीज-बिज पहिल्या फेरीत नको, चरबीने टॅनिन झाकलं जातं. आणि त्या दिवशी कोणी गाडी आणू नका, थुंकलं तरी थोडी पोटात जातेच.

निफाडकर

ताई, एक विनंती. प्रत्येक वाइनच्या शेऱ्यासमोर विंटेजचं वर्ष नक्की लिहून ठेवा, कागद उघडल्यावर. लोक नुसतं अमक्या वायनरीची रेड वाईट म्हणून मोकळे होतात, पण एखाद्या वर्षी ऐन तोडणीत पाऊस लागला, भुरी रोग आला, माल आठ दिवस आधी काढावा लागला, तर तीच बाग तेच लोक आणि वाइन वेगळीच. आपल्याकडचा हा धंदा तसा तरुणच आहे, १९८० च्या दशकात नारायणगावला शाम चौगुल्यांनी शॅटो इंडाज वायनरीची सुरुवात केली, सुलाची पहिली वाइन २००० ची, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ चं. कुठल्या मातीत कुठलं वाण, मुरमाड उतारावर काय आणि काळ्या रानात काय, हे अजून आम्ही शिकतोय. तुमच्यासारखे लोक वर्ष घालून, कारण देऊन लिहायला लागले तर ते वाचून आम्हालाही कळेल की गेल्या वर्षी केलेला बदल ग्लासात उतरला की नाही. नुसतं मस्त किंवा कडू म्हटल्याने आमच्यापर्यंत काहीच पोचत नाही.

आणि फेब्रुवारीत तोडणी चालू असताना या, पहाटे लवकर. येताना बाटल्या घेऊन गेलात तर डिकीत उन्हात ठेवू नका, गाडीत पायाशी एसीच्या वाऱ्यावर ठेवा.

अनुस्वार

उरलेल्या वाइनबद्दल राहिलं. प्रत्येक बाटलीत बरीच उरेल, ती एकत्र करू नका. छोट्या स्वच्छ काचेच्या बाटल्यांत गळ्यापर्यंत भरा म्हणजे हवा कमी राहते, नंबर चिकटवून फ्रीजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ज्यांना जमेल त्यांनी त्याच नंबरांवर पुन्हा शेरे लिहा. काही रेड दुसऱ्या दिवशी उघडतात, टॅनिन बसतं, रबर असला तर गेलेला असतो, आणि काही पूर्ण कोसळतात. दोन्ही दिवसांचे कागद जोडून इथे टाका, विंटेजसकट, मी आकडे मांडून देईन.

चाफा_मुलुंड

नक्की टाकते. कुठली वाइन दोनदा ठेवायची ते नवऱ्याला ठरवायला सांगितलंय, तो चाखणार नाही, फक्त बाटल्या गुंडाळणार.